भुसावळच्या उन्हात मुलांनी खेळायचं कधी?

पत्र:

‘स. न. वि. वि. आम्ही भुसावळला पहिल्या मजल्यावर भाड्याने राहतो. मुलगा नऊ वर्षांचा, मुलगी चार वर्षांची. मिस्टर रेल्वेत, पाळीची ड्युटी. मे महिन्यात मुलाला एका सुट्टीच्या शिबिरात घातलं होतं. वेळ सकाळी अकरा ते एक, जागा पत्र्याच्या शेडखाली. चौथ्या दिवशी तो डोकं धरूनच घरी आला, दोनदा उलटी झाली. तेव्हापासून सासूबाईंनी दोघांनाही बाहेर सोडणं बंद केलंय. त्यांचं चुकतं असंही म्हणवत नाही. पण आता पाऊस येईल, मग चिखल आणि डास. नंतर थंडी, मग सर्दी-खोकला. म्हणजे बाराही महिने घरातच. घरात उड्या मारल्या की खालचे घरमालक वर येतात. मग उरतो मोबाईल. मुलगा हल्ली जिना चढला तरी दमतो. मी काय करू? – एक आई, भुसावळ’

उत्तर:

ताई, नमस्कार.

आधी त्या शिबिराचं बोलते, कारण घरातली सगळी भीती तिथूनच सुरू झाली आहे. तुमच्या मुलाला झाला तो उन्हाचा त्रास होता. डोकं ठणकणं, मळमळ, उलटी, गळून जाणं ही त्याची ठरलेली लक्षणं. मुलगा नाजूक आहे असा त्याचा अर्थ लावू नका. मे महिन्यात अकरा ते एक या वेळेत तापलेल्या पत्र्याखाली पळवलं तर धडधाकट पोरही आडवं होतं. पत्रा ऊन अडवतो खरा, पण स्वतः तापून ती आच खाली सोडत राहतो. तिथे सावली मिळते, गारवा मिळत नाही. पुढच्या वर्षी कुठलंही शिबिर बघाल तेव्हा फी आणि खेळांची यादी नंतर विचारा. आधी विचारा की वेळ कोणती, छप्पर कशाचं, पाण्यासाठी खेळ थांबवता का, आणि एखादं पोर मलूल दिसलं तर त्याला टेकवायला गार जागा आहे का. ‘अकरा ते एक’ असं उत्तर आलं की तिथूनच परत फिरा.

मुलांना मोठ्यांपेक्षा ऊन लवकर बाधतं. वजनाच्या मानाने त्यांच्या त्वचेचा पसारा मोठा असतो, त्यामुळे बाहेरची उष्णता अंगात झपाट्याने शिरते. घामही त्यांना आपल्यापेक्षा कमी येतो. शिवाय डावात रंगलेलं पोर तहान लागली म्हणून खेळ सोडून येत नाही. तुमच्या मुलाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट झाली असावी. एप्रिलभर तो कूलरसमोर बसलेला आणि एका सोमवारी थेट दोन तासांची पळापळ. उन्हाची सवय व्हायला शरीराला साधारण १० ते १४ दिवस लागतात, तेही रोज थोडं थोडं बाहेर पडलं तर. होळीपासून रोज संध्याकाळी खेळणारं मूल मे महिन्यापर्यंत बऱ्यापैकी तयार झालेलं असतं. ‘ऊन आहे, घरात बस’ हे महिनोन्‌महिने चाललं की मूल उन्हाला अधिकच कच्चं राहतं, आणि मग एखाद्या लग्नात, एखाद्या क्रिकेटच्या सामन्यात ते आजारी पडतं.

सासूबाईंची काळजी खरी आहे. भुसावळला पारा ४५ अंशांच्या वर जातो, आणि असे उन्हाळे त्यांनी तुमच्यापेक्षा कितीतरी जास्त काढले आहेत. माझं म्हणणं एवढंच आहे की ऋतू बदलला म्हणून खेळ बंद करू नका, खेळाची वेळ आणि जागा बदला. आपल्याकडे प्रत्येक ऋतूत दिवसाचे काही तास खेळण्याजोगे असतातच. ते कोणते, हे ओळखायचं.

आता उन्हाळ्याचं घड्याळ. भुसावळला सूर्य डोक्यावर येतो तो सव्वाबारा ते साडेबाराच्या दरम्यान. पण हवा सगळ्यात जास्त तापते तीन ते चारच्या सुमारास, कारण सकाळपासून तापलेली जमीन, भिंती, डांबर हे सगळं तेव्हा उष्णता परत सोडत असतं. म्हणून ‘चार वाजले, ऊन कललं, जाऊ दे आता’ हा आपला अंदाज मे महिन्यात फसतो. सावली लांब झालेली दिसते, पण सिमेंटचा रस्ता अजून धगधगत असतो. एप्रिल-मे मध्ये सकाळी सहा ते साडेआठ आणि संध्याकाळी साडेसहानंतर, हे तुमचे तास. मेच्या मध्यावर सूर्य सातच्या आसपास मावळतो. म्हणजे संध्याकाळचा खरा खेळ दिवेलागणीनंतर, नऊ वाजेपर्यंत. जेवण पुढे-मागे झालं तरी चालेल. सुट्टीच्या दिवसांत मुलं नऊला जेवून दहाला झोपली, दुपारी तासभर पडली आणि पहाटे उठली, तर कुठे काय बिघडतं?

सकाळसाठी मुलांना एक सोपी खूण शिकवा. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा लांब आहे तोवर बाहेर खेळायचं, ती आखूड झाली की आत यायचं. मे महिन्यात ही वेळ नऊच्या सुमारास येते. मुलांना हे फार आवडतं, ती स्वतःच पावलांनी सावली मोजत बसतात आणि ‘आत या’ म्हणून तुम्हाला ओरडावं लागत नाही. संध्याकाळी मात्र या खुणेवर विसंबू नका, वर सांगितलं तेच कारण. बागेतली लोखंडी घसरगुंडी किंवा सिमेंटचा कट्टा असेल तर हाताची पालथी बाजू पाच सेकंद त्यावर ठेवून बघा. ठेववत नसेल तर पोराच्या मांडीलाही तो चटका बसणार.

हवामान खात्याचा रोजचा इशारा बघायची सवय लावून घ्या. आपल्यासारख्या सपाटीच्या भागात पारा ४० च्या वर आणि नेहमीपेक्षा साडेचार अंशांनी जास्त गेला, किंवा सरळ ४५ ला पोचला, की उष्णतेची लाट धरतात. नारिंगी किंवा लाल इशारा असेल त्या दिवशी संध्याकाळचा खेळ पूर्ण अंधार पडल्यावरच, तोही पळापळीचा नको. गच्चीवर गोष्टी, गाणी, भेंड्या, एवढं त्या दिवशी पुरे.

आपल्या खानदेशाने ही वेळ फार पूर्वीच ओळखलेली आहे. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, ऐन वैशाखात येते, वर्षातल्या सगळ्यात कडक उन्हात. त्या दिवसांत माहेरवाशिणी आणि पोरीबाळी खेळतातच की. झोके बांधतात ते निंबाला, वडाला, नाहीतर घरातल्या आढ्याला, म्हणजे सावलीत. फुगड्या आणि गौराईची गाणी रंगतात ती ऊन उतरल्यावर. भर उन्हाळ्यात बायकापोरींच्या अंगाला असा भरपूर व्यायाम देणारा सण आपल्याकडे आहे आणि आपण मात्र मुलांना बाहेर काढायला घाबरतो, याचं मला वाईट वाटतं. सासूबाईंना त्यांच्या लहानपणीची आखाजी विचारा. झोका कुठे बांधायचे, कोण किती उंच न्यायचं, सगळं आठवेल त्यांना. मग त्यांनाच सांगा की नातवंडांसाठी तसा झोका बांधायचाय. बंदी घालणाऱ्या आजी खेळ लावून देणाऱ्या आजी व्हायला एवढं पुरतं, हे मी बऱ्याच घरांत पाहिलंय.

पाण्याचं आता जरा बारकाईने सांगते. आपल्याकडची हवा उन्हाळ्यात इतकी कोरडी असते की घाम आल्या आल्या उडून जातो. मुलाचं अंग हाताला कोरडं लागतं आणि आपल्याला वाटतं, याला कुठे घाम आलाय? त्याच्या शर्टाची कॉलर आणि पाठ बघा. गडद रंगाच्या कापडावर पांढरट, नागमोडी रेघा उमटलेल्या दिसतील. ते घामातलं मीठ. एवढं पाणी आणि मीठ अंगातून गेलंय, ते परत जायला हवं. खेळायला निघण्याआधी पेलाभर पाणी, खेळताना दर २० मिनिटांनी अर्धा पेला, तहान असो नसो. नऊ वर्षांच्या मुलाला हे स्वतः पाळता येतं, चार वर्षांच्या मुलीला हातात पेला द्यावा लागेल. लघवी गर्द पिवळी होत असेल तर पाणी कमी पडतंय. घरी आल्यावर ताक, कैरीचं पन्हं, लिंबू-सरबत, जे असेल ते मीठ घालून द्या. जास्तच घाम गेला असेल किंवा उलटी-जुलाब असतील तर ओआरएसचं पाकीट त्यावर लिहिलेल्या मापानेच पाण्यात कालवा. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा, लहान. माप चुकवू नका, मीठ जास्त झालं तर अपाय होतो.

आपल्याकडे खिशात कांदा ठेवून बाहेर पाठवतात. कांदा जेवणात जरूर द्या, पण खिशातल्या कांद्याच्या भरवशावर पोराला दुपारी सोडू नका. त्याच्या डोक्याला पांढरा ओला रुमाल बांधा आणि अंगात सैल सुती सदरा घाला, त्याचा खरा उपयोग होतो.

आणि एक गोष्ट घरातल्या प्रत्येकाला पाठ हवी. मूल नुसतं दमलं, डोकं दुखलं, मळमळलं तर सावलीत आणा, कपडे सैल करा, अंग ओलं करून वारा घाला, घोट घोट पाणी द्या. पण ते असंबद्ध बोलायला लागलं, झोकांड्या खायला लागलं, झटके आले किंवा शुद्ध हरपली, तर तो उष्माघात. तेव्हा वाट बघायची नाही. लगेच १०८ ला फोन करा आणि गाडी येईपर्यंत भरपूर पाणी ओतून अंग गार करत राहा, पंखा लावा, मान-काखेत ओली फडकी ठेवा. शुद्ध नसलेल्या मुलाच्या तोंडात पाणी घालू नका.

मधल्या तासांचं काय, म्हणजे सकाळी नऊ ते संध्याकाळी साडेसहा? तेव्हा घर. घरमालकांचा प्रश्न मी हलका मानत नाही. खालच्या घरात कोणी रात्रपाळी करून आलेलं असतं, कोणी आजारी असतं. त्यांना ऐकू जातं ते उडी मारून टाच आपटण्याचं. म्हणून दुपारी उड्या टाळा आणि जोर लागणारे, पण आवाज न होणारे खेळ घ्या. अस्वलासारखं चार पायांवर चालत स्वयंपाकघरापर्यंत जाऊन यायचं. खेकड्यासारखं पोट वर करून मागे सरकायचं. हे दोन मिनिटं करून बघा, मोठ्यांचे दंड भरून येतात. फरशीच्या चौकोनांवरून रेघेला पाय न लावता हळू लंगडी. मोज्यांचे गोळे करून लांबून टोपल्यात टाकायचे, पडलेले गोळे पळत न जाता रांगत आणायचे. फुगा हवेत ठेवायचा, खाली पडू द्यायचा नाही. या खेळात चार वर्षांची मुलगी नऊ वर्षांच्या भावाला हरवू शकते, म्हणून तो मला फार आवडतो. ‘शिवाजी म्हणतो’ तर तुम्ही पोळ्या लाटता लाटताही घेऊ शकता. सूर्यनमस्कार आवाज न करता घालता येतात, मुलाला रोज दोन-चारने वाढवत न्या. उड्या मारायच्याच असतील तर खाली जाड गोधडीची चौघडी घाला आणि वेळ घरमालकांशी बोलून ठरवा. ‘रोज साडेपाच ते सहा पोरं खेळतील, बाकी वेळ शांतता’ असं आधीच सांगितलं की माणसं समजून घेतात.

हे सगळं कूलरच्या खोलीत चालणार, म्हणून सांगते. लोखंडी बॉडीचा कूलर, खाली सांडलेलं पाणी आणि अनवाणी पोर, यातून विजेचा धक्का बसून उन्हाळ्यात जीव जातात. अर्थिंग तपासून घ्या, पाणी भरताना बटण बंद करून प्लगही काढा, आणि कूलरपासून हातभर लांब खडूची रेघ मारून ‘इथून पुढे नाही’ असा नियम करा.

घरकामालाही मी खेळाइतकंच मोजते. बिबडे, कुरडया, पापड गच्चीवर घालायचे दिवस असतात तेव्हा पहाटे मुलांना बरोबर घ्या. बाजेवर धोतर पसरायचं, दगड आणून कोपरे दाबायचे, जिना दहा वेळा खाली-वर करायचा, ऊन चढायच्या आत पाखरं हाकलायची. तासाभरात अंग मोकळं होतं. गच्चीला कठडा नीट उंच असला पाहिजे, आणि चार वर्षांची मुलगी तिथे क्षणभरही एकटी नको.

किती खेळलं म्हणजे पुरे, हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण मनात असेलच. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितलंय की ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी किमान ६० मिनिटं धाप लागेल अशी हालचाल करावी, आणि आठवड्यातून तीन दिवस स्नायू-हाडांना जोर लागेल असं काही असावं. तीन-चार वर्षांच्या मुलांसाठी त्याच संघटनेने २०१९ साली सांगितलंय ते असं: दिवसभरात मिळून १८० मिनिटं, त्यातली ६० दमवणारी; त्यांचा स्क्रीनचा वेळ एका तासाच्या आत. ही मिनिटं एका बैठकीत भरायची गरज नाही. सकाळी तीस, दुपारी अस्वल-खेकड्याची दहा, रात्री गल्लीत तीस, असं मुलाचं गणित भरतं. बाहेर जाण्याचा आणखी एक फायदा डोळ्यांचा. रोज दिवसाच्या उजेडात बाहेर असणाऱ्या मुलांना लांबचं अंधुक दिसायचा चष्मा लागण्याचं प्रमाण कमी आढळतं. त्यासाठी कडक उन्हात उभं राहावं लागत नाही, सकाळची निंबाखालची सावलीसुद्धा घरातल्या दिव्यापेक्षा कितीतरी उजळ असते.

हे उत्तर तुमच्या हाती पडेल तेव्हा मृग लागलेला असेल, तर आता पावसाचं. पावसात भिजल्याने ताप येतो असं आपण धरून चालतो. ताप येतो तो विषाणूंमुळे, घाण पाण्यामुळे, डासांमुळे. विजा नसलेल्या, वारा नसलेल्या पावसात मुलं अर्धा तास भिजली, आल्यावर अंग पुसून कोरडे कपडे घातले, तर काही होत नाही. पहिल्या पावसात तर भिजू द्याच. विजेला मात्र जपा. गडगडाट ऐकू आला की खेळ बंद, घरात. झाडाखाली थांबायचं नाही. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबून मगच बाहेर. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं ‘दामिनी’ अॅप मोबाईलवर घ्या, आसपास वीज पडण्याचा इशारा त्यावर मिळतो. नाले, वाघूर, तापी यांच्या काठी पावसाळ्यात मुलं एकटी जाता कामा नयेत. आपल्याकडे आभाळ कोरडं असताना वरच्या बाजूच्या पावसाने पाणी चढतं आणि हतनूर धरणाचे दरवाजे उघडले की तापीचं रूप पालटतं.

काळ्या मातीच्या चिखलाचं तुम्हाला सांगायला नको. दोन पावलांत चपलेला शेरभर माती चिकटते आणि मूल घसरतं. म्हणून रोजच्या पळण्यासाठी मुरुमाची किंवा फरशीची जागा शोधा, एखादी शाळा, देवळाचं आवार, कोणाचं गोडाऊनसमोरचं अंगण. चिखलातही खेळू दे, पण साचलेल्या गटाराच्या पाण्यात नको, आणि पायाला जखम असेल तर मुळीच नको. उंदराच्या मुताने दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो. आल्यावर साबणाने पाय धुऊन बोटांच्या बेचक्या कोरड्या करा. मुलगा नऊचा आहे, तर दहाव्या वर्षीची टीडीची (धनुर्वात-घटसर्पाची) लस लक्षात ठेवा. मुलीचा बूस्टर तिच्या पाचव्या-सहाव्या वर्षी येईल.

पावसाळ्यातला माझ्या सगळ्यात आवडीचा खेळ म्हणजे ओल्या मातीत सळई खुपसत जाण्याचा. पाऊस उघडला, वरचं पाणी जिरलं, की काळी माती अशी लोण्यासारखी होते की हातभर सळई फेकली तर खच्चकन उभी राहते. प्रत्येक फेकीला पुढे जायचं. सळई आडवी पडली की डाव गेला, आणि हरलेल्याने तिथून लंगडी घालत परत यायचं. नेम, खांदा, पायाचा तोल, सगळं एका खेळात. पायात बूट हवेत, फेकणाऱ्याच्या पुढे कोणी नको, आणि जवळ मोठं माणूस हवं. मुलगी लहान आहे, तिला अजून काही वर्षं लांबून बघू दे.

डासांबद्दल एक तपशील फार कामाचा आहे. डेंग्यूचा डास दिवसा चावतो, आणि जास्त करून सकाळी आणि दिवेलागणीच्या आधी. मुलांच्या खेळाची वेळही तीच. पूर्ण बाह्या, पूर्ण पायजमा घालून पाठवा. आणि उन्हाळा संपला म्हणून कोपऱ्यात सरकवलेला कूलर आजच रिकामा करून आतून घासून कोरडा करा. टाकीत राहिलेल्या त्या वीतभर पाण्यात आठवड्याभरात डास तयार होतात.

भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून भुलाबाई बसते. कोजागिरीपर्यंत रोज संध्याकाळी टिपऱ्या, गाणी, मग खाऊ ओळखायची गंमत. तुमच्या मुलीला यंदा नक्की घेऊन जा, आणि मुलालाही पाठवा, मुलग्यांनी टिपऱ्या खेळल्या तर काही बिघडत नाही. सुट्टीला माहेरी शेतावर जात असाल तर कपाशीवर, केळीवर फवारणी कधी झाली ते आधी विचारा, ताज्या फवारलेल्या वावरात मुलं नकोत. तेवढं सांभाळलं तर केळीच्या बागेइतकी गार जागा भर उन्हाळ्यातही मिळायची नाही.

थंडीत घड्याळ उलटं फिरतं. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा दहाच्या खाली जातो, पण अकरा ते चार हे दिवसातले सगळ्यात सुंदर तास असतात. रविवार पूर्ण बाहेर काढा. भरीत पार्टीला शेतात गेलात की मुलांना सतरंजीवर बसवून ठेवू नका. पऱ्हाट्या गोळा करून आणायचं, वांगी धुवायचं, पाणी वाहायचं काम त्यांना द्या. शाळेच्या दिवशी मात्र अडचण उजेडाची. डिसेंबरमध्ये सहाच्या आत सूर्य बुडतो, म्हणून त्या दोन महिन्यांत शाळेतून आल्यावर आधी खेळ, नंतर गृहपाठ. नाक वाहतंय पण ताप नाही, खाणं-खेळणं नेहमीसारखं आहे, तर जाऊ द्या. ताप, अंगदुखी किंवा छातीत शिट्टीसारखा आवाज असेल तर नाही.

मोबाईलसाठी वेगळी लढाई करू नका. पोर घरात एकटं असतं म्हणून मोबाईल धरतं. तुमच्या आणि शेजारच्या इमारतीतली चार-पाच घरं गाठा आणि रोजची एक वेळ ठरवा. लगोरी, खो-खो, विषामृत, लपंडाव याला पैसे लागत नाहीत, गडी लागतात. रोज एका घरातलं मोठं माणूस ओट्यावर बसेल, गाड्या येणाऱ्या तोंडाशी दोन खुर्च्या आडव्या टाकेल. सासूबाईंची पाळी आधी लावा, त्यांच्या डोळ्यांसमोर नातवंडं खेळली की त्यांचा जीव थाऱ्यावर राहील. आणि मुलगी मोठी होईल तेव्हा तिलाही भावाइतकाच वेळ बाहेर राहू द्या. आपल्याकडे पोरींना दिवे लागले की आत बोलावतात, आणि उन्हाळ्यात तर खेळ दिवे लागल्यावरच सुरू होतो.

शेवटची गोष्ट, पण करायची सगळ्यात आधी. मुलगा जिना चढला तरी दमतो असं तुम्ही लिहिलंय. नऊ वर्षांच्या मुलाने एका मजल्यात दमू नये. हालचाल कमी झाल्याने होत असेलही, पण रक्त कमी असेल किंवा दम्याची सुरुवात असेल तर नुसत्या खेळाने ते जाणार नाही. या आठवड्यात मुलांच्या डॉक्टरांना दाखवा, हिमोग्लोबिन तपासा, छाती ऐकून घ्या, वजन-उंची लिहून घ्या. जिना चढताना खोकला येतो का, रात्री येतो का, हेही त्यांना सांगा. ते ठीक म्हणाले की पहिल्या आठवड्यात रोज पंधरा-वीस मिनिटांपासून सुरुवात करा आणि दर आठवड्याला दहा मिनिटं वाढवा. डॉक्टर काय म्हणाले ते मला कळवा, त्याप्रमाणे पुढचं ठरवू.